शेजाऱ्याचा जबाब

वऱ्हाडात माणसाबद्दल सरळ चांगलं बोलायची रीत नाही. एखाद्याला कोणी "फार सज्जन माणूस" म्हणालं, तर त्या दोघांचं पटत नाही असं खुशाल समजावं. जिथं जीव असतो तिथं शिव्या असतात. सहदेव आणि चंद्रभान यांचा एकमेकांवर किती जीव होता ते गावात कोणालाही विचारा. चाळीस वर्षांत दोघांनी एकमेकांना एक गोड शब्द दिला नव्हता.

परतवाड्यापासून सात किलोमीटरवर त्यांची वावरं, मधे एक बांध. दोघांची संत्र्याची बाग, दोघांचा हरभरा, आणि दोघांकडे बापाच्या वेळची एकनळी बंदूक, पिकाच्या राखणीच्या परवान्यावर. त्या बंदुकांनी आजवर चिमणीही मारली नव्हती. रानडुकरं आली की हवेत बार काढायचा, एवढंच त्यांचं काम. परवान्याची मुदत दोघांची एकदमच संपत होती. म्हणून डिसेंबरात दोघं एकाच मोटरसायकलवर अमरावतीला गेले, एकाच खिडकीत नूतनीकरणाचे अर्ज दिले आणि राजापेठेत एकाच गाडीवर कचोरी खाऊन परत आले.

सहदेवचा परवाना बावीस दिवसांत आला. चंद्रभानचा चौदा महिने झाले तरी आला नाही, आणि मुदत संपली म्हणून त्याची बंदूक ठाण्यात जमा झाली ती वेगळीच.

चंद्रभान विचारायला गेला की दर खेपेला नवं उत्तर. एकदा फोटो जुना निघाला. एकदा सातबारा ताजा पाहिजे झाला. एकदा डॉक्टरचा दाखला मुदतबाह्य ठरला. तो का, तर फाइल त्यांच्याच टेबलावर पडून राहिली म्हणून. अमरावतीत म्हणायचे, फाइल ठाण्यात आहे. ठाण्यात म्हणायचे, अमरावतीला गेली. सहदेवला यातलं एक अक्षरही कोणी विचारलं नव्हतं. गावात कुजबुज सुरू झाली की सहदेवनं पैसे चारले असतील. चंद्रभान टपरीवर सगळ्यांना ऐकू जाईल असा ओरडला, "सहद्या पैसे चारते? त्या चिंगूसाच्या खिशातून बिडीले काडी निघत नाई!"

एरवी सहदेव यावर खदखदून हसला असता. त्या वर्षी त्याला हसू येत नव्हतं, कारण फाइल कुठं अडली ते त्याला ठाऊक होतं.

अर्ज दिला की ठाण्याचा माणूस येतो आणि शेजाऱ्याला विचारतो, माणूस कसा आहे. सहदेवच्या चौकशीला आले नत्थुजी हवालदार, याच मातीतले. चंद्रभान त्यांना म्हणाला होता, "हा भैताड सोताच्याच पायावर बार काढीन, लेहून घ्या!" नत्थुजी पोट धरून हसले आणि लिहिलं, 'हरकत नाही'. आठ दिवसांत नत्थुजी निवृत्त झाले. चंद्रभानच्या चौकशीला आला तो जीवन नावाचा नवा शिपाई, दूरच्या जिल्ह्यातून बदलून आलेला. टपरीवर सात-आठ माणसं बसलेली आणि सहदेव रंगात. "चंद्रभान? अजी, कसाई हाय तो! भाजीत मीठ कमी पडलं का वच्छला वयनीवर बंदूक ताणते. एखाद्या दिवशी वयनीच याच्यावर ताणीन!" सगळी टपरी हसली. जीवन हसला नाही. त्यानं शांतपणे लिहून घेतलं आणि कागद पुढं केला. सहदेवनं न वाचता सही ठोकली, वर त्याला चहाही पाजला.

श्रावणात एक दिवस चंद्रभान ठाण्यातून आला तो तोंड पाडूनच. "माह्या इरोधात रिपोर्ट गेला म्हणून राहिले बे. काहून, ते सांगत नाईत."

सहदेवला टपरीवरचा तो न हसलेला शिपाई आणि न वाचता ठोकलेली सही आठवली. त्याच वेळी बोलून टाकलं असतं तर दोन शिव्या खाऊन सुटला असता. पण तो म्हणाला, "सरकारी काम, दुसरं काय." त्या दिवशी गिळलेली गोष्ट दुसऱ्या दिवशी आणखी जड झाली, आणि दिवाळीपर्यंत तर ती सांगायची कशी हेच कळेना.

फेब्रुवारीत हरभरा घाट्यावर आला तशी डुकरं आली. सहदेव दिवस मावळताना बार काढायचा. आवाजानं बिचकून कळप बांध ओलांडायचा तो थेट चंद्रभानच्या वावरात. एका सकाळी सहदेव बांधावर उभा होता. पलीकडे अर्धा एकर हरभरा नांगरल्यासारखा उलथलेला, आणि चंद्रभानची बायको वच्छला उरलेली झाडं गोळा करत होती. रात्रभर वाजवलेला पत्र्याचा डबा खाली ठेवून ती म्हणाली, "तुमचा बार आयकला का आमी समजतो, भाऊ, आता आपल्याकडं येते." तिच्या बोलण्यात तक्रार नव्हती. सहदेवला तिच्या तोंडाकडे बघवेना. तो पाणी सोडायचं निमित्त करून विहिरीकडे गेला.

त्याच आठवड्यात चंद्रभान म्हणाला, "चाल माह्यासंग अमरावतीले. तुये कागद घे. त्याइले दाखवतो, का पाहा बाप्पा, एकच बांध, एकच बंदूक. याले देल्ली, मंग मले काहून नाई?" सहदेवनं निमित्तं शोधली. ताप सांगावा, तर चंद्रभान समोरच बसलेला. गेला.

परवान्याच्या टेबलावर रागिणी नावाच्या नव्या बाई आल्या होत्या. चौदा महिन्यांत फाइल खरोखर उघडून बघणाऱ्या त्या पहिल्याच. पानं उलटत त्या एका कागदावर थांबल्या आणि वाचू लागल्या. "'अर्जदार हा तापट स्वभावाचा असून घरगुती कारणावरून पत्नीवर बंदूक रोखतो. पत्नीकडूनही अर्जदाराच्या जिवास धोका संभवतो.' शेजाऱ्याचा जबाब आहे. यामुळे थांबलंय, काका. बाकीची कारणं उगाच सांगितली तुम्हाला."

टपरीवरची मजा सरकारी मराठीत भलतीच भेसूर वाटत होती.

"कोणता शेजारी?" चंद्रभाननं विचारलं. "मले तं एकच शेजारी हाय. बाकी तिकून नाला हाय."

बाईंनी कागद त्याच्यापुढं फिरवला. चंद्रभाननं खिशातून चष्मा काढला, खालची सही बघितली, चष्मा पुसला, पुन्हा बघितली.

"मजाक केली होती बे," सहदेव म्हणाला. "तू बी तं नत्थुजीले..."

"मजाकच असन. मले मालूम हाय." चंद्रभान कागदावरून नजर न काढता बोलला. "तुले कवा समजलं?"

खोटं बोलायला जागा होती. आत्ताच समजलं, असं म्हणता आलं असतं. पण सहदेवची जीभ वळली नाही. "श्रावणात."

चंद्रभाननं चष्मा उतरवून खिशात ठेवला.

बाई मधेच बोलल्या, "हे दुरुस्त होतं. यांनी नवीन जबाब द्यायचा, की पहिला खरा नव्हता." मग सहदेवकडे वळून म्हणाल्या, "पण तुम्ही पोलिसांना खोटं सांगितलं, असा त्याचा अर्थ होईल. तुमचाही परवाना फेरतपासणीला जाऊ शकतो. बंदूक जमा करावी लागेल. किती दिवस, ते मी सांगू शकत नाही."

त्यांनी कोरा कागद आणि पेन पुढं सरकवलं. सहदेवनं पेन उचललं नाही. त्याच्या डोळ्यांपुढं त्याचा घाट्यावरचा हरभरा आला, यंदाच लावलेली दोनशे कलमं आली. फार वेळ नाही, पाच-सहा श्वास घेण्याइतकाच. पण तेवढा वेळ चंद्रभान त्याच्याकडे बघत होता.

"राहू द्या, मॅडम," चंद्रभान उठला. "एकाची तरी बंदूक राहू द्या. मायं तं गेलंच हाय, त्याचं काहून घालवता?"

यात टोमणा असता तर सहदेवला बरं वाटलं असतं. टोमणा नव्हता. त्याला स्वतःची लाज वाटली. त्यानं पेन ओढलं आणि लिहीत सुटला. 'चंद्रभान हा भला माणूस आहे. त्याने बायकोवर कधी हात उगारला नाही. मी खोटे बोललो. नंतर समजले तरी गप्प राहिलो.' चाळीस वर्षांत मित्राबद्दल त्यानं पहिल्यांदा चांगलं म्हटलं, आणि तेही कार्यालयातल्या कागदावर. या वेळी प्रत्येक ओळीवर बोट ठेवून वाचलं आणि मग सही केली.

परतताना राजापेठेत कचोरीच्या गाडीशी सहदेवनं मोटरसायकल हळू केली. "नोको," मागून चंद्रभान म्हणाला. "घरी वाट पाहून राहिली असन."

चंद्रभानचा परवाना एकोणीस दिवसांत आला. चौदा महिने न हललेली फाइल इतकी भराभर कशी हलली, ते कोणी सांगितलं नाही. सहदेवला मात्र पत्र आलं, आणि त्याची बंदूक ठाण्यात गेली. त्याला विचाराल तर तो म्हणतो, बरं झालं. आता दर पंधरा दिवसांनी तो अमरावतीला जातो आणि दर खेपेला नवं उत्तर घेऊन येतो. परवा त्याचा फोटो जुना निघाला.

पुढच्या हरभऱ्याला डुकरं पुन्हा येऊ लागली. चंद्रभान दिवस मावळता बंदूक घेऊन निघतो, तो आधी सहदेवच्या वावरातून फेरी मारतो. तिथं बार काढतो, कळप पार नाल्यापलीकडं घालवतो आणि मग स्वतःच्या हरभऱ्याकडे वळतो. एक दिवस सुद्धा चुकवत नाही. सहदेव बांधावर उभा राहून वाट बघतो. भैताड म्हणेल, चिंगूस म्हणेल, निदान बापाचा उद्धार करेल. चंद्रभान काही म्हणत नाही.

काल न राहवून सहदेवनं हाक मारली, "अबे चंद्र्या, एखादी शिवी तं देऊन जा!"

चंद्रभान थांबला. बंदूक एका खांद्यावरून दुसऱ्या खांद्यावर घेतली.

"काहून, भाऊ?" तो म्हणाला. "तुमी तं सज्जन माणूस आहा."

आणि बांध ओलांडून आपल्या वावरात गेला.