डीकनच्या नाकावरची खूण

पाणी काढायला म्हणून मी थेनच्या पाठपिशवीत हात घातला आणि हाताला धोंडा लागला. गुळगुळीत, ओळखीचा. आर्डा बागेचं फाटक वाऱ्यानं आपटू नये म्हणून ज्याची अडण लावायची, तोच.

"हे काय आहे?"

"वर ठेवणार आहे," थेन म्हणाला. "तिच्या नावानं."

"थेन, तुझं डोकं ठिकाणावर आहे का? दगडानं गेली ती, आणि तू तिला दगडच वाहणार?"

आर्डा माझी धाकटी बहीण, थेनची बायको. दोन वर्षांपूर्वी डीकनच्या नाकावरून, म्हणजे आज आम्ही चढत होतो त्याच कड्यावरून, उतरताना गेली. ती काही इथं पाहुणी नव्हती. ह्याच लाल खोऱ्यात आम्ही दोघी वाढलो. पण नाकाचा वरचा घुमट म्हणजे नुसता उघडा कातळ, त्यावर पायवाट उमटत नाही. वाट कळावी म्हणून जागोजागी दगडांची रास असते, तिला आम्ही खूण म्हणतो. खूण दिसली की तिकडे वळायचं. पडलेला दगड दिसला तर परत ठेवायचा, आपला नवा चढवायचा नाही. एवढं आमच्याकडे पोराटोरांनाही कळतं.

त्या दिवशी कुणा दीडशहाण्यानं फोटोसाठी उजव्या उतारावर दगडांची उतरंड रचून ठेवली होती. परक्या माणसानं निदान चार ठिकाणी बघितलं असतं, नकाशा काढला असता. आर्डानं काही बघितलं नाही. आमच्यातलं माणूस खुणेवर शंका घेत नाही. ती सरळ उजवीकडे गेली. तो उतार आधी अंगणासारखा सोपा वाटतो, मग पाय घसरतो, आणि मग खाली काहीच नाही.

तेव्हापासून दर शनिवारी मी वर जाते आणि अशा उतरंडी लाथेनं पाडते. आमच्या चर्चमध्ये सगळ्याच बायांना सिस्टर म्हणतात. तिथले बिशप म्हणाले, सिस्टर नेड्रा, रागाला आवर घाला. म्हटलं, आधी त्या लोकांना आवर घाला.

साखळीच्या टप्प्यावर आमचं बोलणं बंद झालं. तिथं धार जेमतेम माणूस मावेल एवढी, दोन्ही अंगांना खोल पोकळी, आणि हातात उन्हानं तापलेली साखळी. वरून येणाऱ्यांसाठी खडकाला चिकटून थांबावं लागतं. थेन माझ्यापुढे होता. त्याच्या पाठीवर तो धोंडा हिंदकळताना दिसत होता आणि माझं रक्त उकळत होतं.

धार संपली, घुमट लागला, आणि समोर काय? एक पोरगी मांडी घालून दगडावर दगड रचतेय आणि तिचा मित्र फोटो काढतोय.

"ए बाई, काय चाललंय?"

ती हसली. "रचून बघा ना तुम्ही पण. खूप शांत वाटतं."

"थांब, दाखवते तुला शांत." मी लाथ घातली. दगड गडगडत गेले.

"अहो आजी! वेड लागलंय का?"

"आजी कुणाला म्हणतेस गं? तुझ्या असल्या चाळ्यांनी माणसं मरतात इथं!" आमच्यात शिव्या देत नाहीत. मी दिल्या, अगदी पोटभर.

पोरगा तिचा हात धरून तिला वर घेऊन गेला. माझं मात्र डोकं फिरलं होतं. आजूबाजूला असल्या उतरंडींचा बाजारच मांडला होता. एक पाडली, दुसरी पाडली. एकीवर तर कुणी चिमुकले खडे चढवून वर प्लॅस्टिकची फुलं खोवली होती. ती पहिल्या लाथेत पडेना. टाच ठणकली, तसा जास्तच चेव चढला.

"नेड्रा, जरा थांब," थेन म्हणाला. "बघून पाड."

"मला शिकवू नकोस. तू तुझा धोंडा सांभाळ."

ती पडली तेव्हा कुठं मला बरं वाटलं.

माथ्यावरून सगळं खोरं दिसतं. तळाशी नदीचा हिरवा पट्टा, समोर पांढऱ्या-तांबड्या भिंती. आर्डा इथं पीचची फोड तोंडात टाकून म्हणायची, आता मेले तरी चालेल. चालेल कसलं, डोंबल! थेननं धोंडा बाहेर काढला. मी म्हटलं, "ठेवून तर बघ, कड्यावरून भिरकावून देईन." तो काही वेळ धोंडा मांडीवर घेऊन बसला. मग पिशवीत परत टाकला.

पश्चिमेला ढग चढले. ते पोरगा-पोरगी आमच्याआधी उतरायला लागले, त्यांच्यामागून आम्ही. वर अजून माणसं फोटो काढत होती. घुमटाच्या मध्यावर आलो तोच टपाटप गारा सुरू झाल्या. कातळ पांढरा झाला, दहा पावलांपुढचं धूसर. आणि त्या धूसरात मला ते दोघं दिसले. उजवीकडे निघाले होते.

मी डावीकडे खूण शोधली. खूण नव्हती. विखुरलेले दगड होते आणि त्यांत प्लॅस्टिकची फुलं.

मी ओरडले, "थांबा! तिकडे नाही!"

पोरीनं वळून बघितलं. "अगं बाई, परत आली ती!" पोरगा ओरडला, "ओ काकू, पुरे झालं हं आता!" आणि दोघांनी पावलं उचलली. मी जितकं ओरडत होते तितके ते भराभर चालत होते. मला बघून पळत होते ते. मला.

मग मी गारांतच गुडघे टेकले. "पोरांनो, पाया पडते तुमच्या! माझी बहीण तिथून पडली! एक पाऊलही पुढे टाकू नका!"

पोरगा थबकला आणि थबकताना घसरला. हातभर सरकून बसकण मारली त्यानं. थेन खाली आडवा झाला, पिशवीचा पट्टा पुढे केला. रांगत, ओरबाडत, एकेक करून दोघं वर आले.

पोरगी इकडेतिकडे बघत म्हणाली, "इथं दगड होते. वर फुलं होती. मी फोटो पण काढलाय. कुठं गेले?"

थेन पिशवीचा पट्टा आवळत बसला.

"मी पाडले," मी म्हटलं.

ज्या माणसाला दोन वर्षं शिव्या घातल्या, त्याच्याच पंगतीला जाऊन बसले होते मी. माझा इतका संताप झाला की स्वतःच्या मुस्काटात मारावीशी वाटली. पण वर माणसं होती. तीही ह्याच वाटेनं उतरणार होती.

"तो धोंडा काढ," मी थेनला म्हटलं.

"फेकायला?"

"इथं ठेवायला. सगळ्यात खाली."

थेननं तो दोन्ही हातांनी ठेवला. मी पोरीकडे वळले. "बघतेस काय? रचायची हौस आहे ना? आण दगड. बारके नकोत, चांगले बसके आण."

ती खरंच आणायला लागली. पोरगाही उठला. गारा डोक्यावर आपटत होत्या आणि आम्ही चौघं दगडाला दगड घट्ट बसवत होतो. रास कमरेएवढी झाली तेव्हा मी मागं सरले आणि जोर लावून तिला एक लाथ घातली.

हलली नाही.