आईचा दवाखान्यातला आवाज

बाबा गेल्यावर आईने आधी स्वयंपाक सोडला, मग वेणी, मग बोलणं. भिंतीकडे तोंड करून पडून राहायची. जेवायला बोलावलं की "तू घे" म्हणायची, आणि मी घेतलं की तिला हायसं वाटायचं, जणू दोघींचं उरकलं.

आमच्या नेहमीच्या डॉक्टरांनी तिला तपासलं आणि बाहेर येऊन मला म्हणाले, "मानसोपचारतज्ज्ञ बघा. लवकर बघा." कोणता, ते सांगितलं नाही. आमच्याकडे सरकारी विम्याचं कार्ड होतं. बाबांचं सगळं आजारपण त्यावर निभावलं, म्हणून मला वाटायचं, कार्ड आहे म्हणजे डॉक्टर आहे.

विमा कार्यालयाने सांगितलेल्यांपैकी एक डॉक्टर निवृत्त झाले होते. एक फक्त लहान मुलांना बघत. एका नंबरवर टायरचं दुकान लागलं. दुकानदार सज्जन होता. "रोज कोणी ना कोणी रडत फोन करतं, ताई," तो म्हणाला. "आता मीच दवाखाना टाकावा म्हणतोय."

बाकीच्यांकडे कार्ड म्हटलं की फोनवरचा सूर बदलायचा. पदरचे पैसे घालून एकदा नेता आलं असतं, पण असलं दुखणं एका भेटीत आटपत नाही, आणि मी छापखान्याची मुद्रितं तपासते. मावशीचं म्हणणं वेगळंच. "डोक्याचा डॉक्टर कशाला? माझ्याकडे पाठव. माणसांत राहिली की येईल ताळ्यावर." आई तिच्याकडे राहूनही आली. भिंत तिथेही होती.

त्या गुरुवारी मी आईच्या खोलीच्या दारात बसून फोन लावत होते. कामही हल्ली तिथेच करायची; तिला एकटं सोडवत नसे. पलीकडची बाई म्हणाली, "सध्या नवीन पेशंट घेत नाही." मी आभार मानून फोन ठेवला.

"घेतात," आई म्हणाली.

किती दिवसांनी तिचा आवाज ऐकत होते. "काय?"

"नवीन पेशंट घेतात. कार्डवाले घेत नाहीत. तू आधीच कार्ड सांगून मोकळी झालीस."

आईने सगळी नोकरी एका कान-नाक-घशाच्या दवाखान्यात रिसेप्शनवर काढली. कार्डाचे पैसे सरकारकडून उशिरा येतात, म्हणून तिथले डॉक्टर महिन्याला मोजकेच कार्डवाले घेत. बाकीच्यांना गोड बोलून वाटेला लावणं हे आईचं काम. हे मला आजवर ठाऊक नव्हतं.

"म्हणजे तू लोकांना असंच सांगायचीस?"

"मग काय डॉक्टर सांगणार? त्यांनी हो म्हणायचं, मी नाही म्हणायचं. माझा पगार त्याचाच होता." ती कुशीवर वळली. "डॉक्टरांना विचारून कळवते म्हणाली, तर वाट बघत बसू नकोस. कोणी विचारत नाही."

पुढच्या दवाखान्याने नेमकं तेच सांगितलं. आई उठून बसली.

"तू मुलगी म्हणून बोलतेस. मुलींचं कोण ऐकतं? मुली रडतात, नाहीतर भांडतात. दुसऱ्या दवाखान्यातून फोन आला तर ऐकतात. लाव परत, आणि दे इकडे."

तिने कानामागे केस सारले. मी स्पीकर लावला आणि फोन तिच्या हातात दिला.

लहानपणी मी तिला दवाखान्यात फोन केला की राँग नंबर लागला असं वाटायचं. तोच आवाज आता निघाला. मऊ, संथ, थोडा नाकातला.

"नमस्कार. दवाखान्यातून बोलतेय. एक पेशंट पाठवायचीये तुमच्याकडे. हो, कार्डच आहे. अहो, मी काय नवीन आहे का? कोटा संपला, माहितीये. पण एखादी जागा आपण राखून ठेवतोच की."

"कोणासाठी ठेवतो, सांगा बरं?"

"डॉक्टरांच्या मेव्हण्यासाठी."

पलीकडची बाई खळखळून हसली. "आमचा तर दर महिन्याला येतो हो! सांगा, काय आहे पेशंटचं?"

"बाई आहेत. साठी उलटलीये. नवरा गेला. झोप नाही, जेवण नाही."

"ते सगळ्यांचंच असतं, ताई. तातडीचं काही?"

आईने भिंतीकडे पाहिलं नाही, माझ्याकडेही नाही. मग त्याच आवाजात म्हणाली, "गोळ्या साठवल्यात. नवऱ्याच्या उरलेल्या. मुलगी सारखी घरात असते, म्हणून राहिलंय. मुलीला माहीत नाही."

मी जागची हलले नाही. हलले असते तर तो आवाज मोडला असता.

पलीकडचं हसू गेलं होतं. "मुलगी आत्ता आहे का घरात?"

"आहे."

"मग आधी तिला कळवा. सगळ्या गोळ्या ताब्यात घे म्हणावं, आणि आईला एकटं सोडू नको. मध्येच काही वाटलं तर थेट मोठ्या सरकारी रुग्णालयात न्यायचं, रात्र असली तरी. मी सोमवारी सकाळी पहिली वेळ देते. मेव्हणा बसेल बाहेर. नाव सांगा."

आईने आपलं नाव सांगितलं, आडनाव आधी, दुसऱ्या कुणाचं सांगावं तसं. "उपकार झाले," म्हणाली आणि फोन माझ्याकडे दिला.

"कुठे आहेत?" मी विचारलं.

तिने उशीकडे बोट दाखवलं. अभ्र्याच्या आत, कापसाच्या खोळीच्याही आत, बाबांच्या गोळ्यांच्या पट्ट्या होत्या. बारीक टाके घालून शिवलेल्या. एवढी शिवण तिने कधी घातली असेल? मी आंघोळीला गेले की, बहुतेक.

"एवढ्याच?"

"एवढ्याच."

मी तिला पलंगावरून उठवलं. चादर काढली, गादी उलटली. आई हात पोटाशी धरून कोपऱ्यात उभी राहिली. बाबांच्या चष्म्याच्या डबीत आणखी निघाल्या. बाबांचा चष्मा मात्र डबीत नव्हता. तो तिने कुठे ठेवला होता कोण जाणे.

"आई, अजून कुठे?"

ती तिच्या स्वतःच्या, बसलेल्या आवाजात म्हणाली, "सोमवार लांब आहे गं."

मी तिला माझ्याजवळ ओढून उभं केलं आणि कपाटाचा वरचा खण उघडला.