तेलात निथळणारी खरवड

मी एक जुनं पातेलं आहे, मित्रांनो, आणि आज माझं मन मला खातं आहे. भंगार वितळवून मला साच्यात ओतलं, तेव्हा माझा एक कान वाकडाच राहिला. बाजारात मला कोणी घेईना. शेवटी आमच्या बेटावरच्या समाना गावच्या तेओफिलाने उचललं. "कान वाकडा असला म्हणून काय झालं? बूड बघा केवढं जाड आहे!" ती म्हणाली. तिची पारख खरी ठरली. माझ्या बुडाशी भाताची जी खरपूस खरवड धरते, तिला इथे कोंकोन म्हणतात. ती असली की पाहुणे मासळीकडे बघतसुद्धा नसत. तिचा मोठा तुकडा घरातल्या लाडक्या माणसाला मिळे. मला त्याचा फार तोरा होता.

पुढे तेओफिलाची नात येलिसा हिला फेफऱ्याचे झटके येऊ लागले. औषधांनी काही फरक पडेना. मग राजधानीतल्या डॉक्टरीणबाईंनी पथ्य दिलं. भात, केळी, साखर बंद. नारळाचं तेल, अंडी, अवाकाडो मात्र मोजूनमापून भरपूर.

"पोरीला नुसतं तेल पाजायचं? मोटार आहे का ती?" तेओफिला कुरकुरली.

"आई, भात-साखर मिळाली नाही की शरीर चरबी जाळतं," येलिसाची आई नुर्का समजावू लागली. "त्यातून कीटोन तयार होतात. मेंदू त्यांच्यावर चालतो. सगळ्यांनाच गुण येतो असं नाही, पण हिला येतोय."

खरंच येत होता. झटके थांबले होते. असंच राहिलं तर सुट्टीनंतर शाळा, असं ठरलं होतं. येलिसा नवा गणवेश घालून घरभर मिरवत होती.

त्या रविवारी नुर्का कामावर गेली होती. येलिसा माझ्यापाशी येऊन वास घेत उभी राहिली.

"आजी, मला?"

तेओफिलाला राहवेना. "डॉक्टरीण तेल खा म्हणाली ना? मग बघ, कोंकोनमधून तेल कसं निथळतंय! हे तर पथ्याचंच झालं. आईला सांगू नकोस हं, उगाच कटकट करेल."

तिने उलथन्याने माझं बूड खरवडलं. मी तो तुकडा घट्ट धरून ठेवायला हवा होता. पण खरवड इतकी सुरेख सुटली, की मी मनातून सुखावलं. त्याचीच मला आज लाज वाटते.

संध्याकाळी येलिसा खुर्चीवरून कोसळली. झटका ओसरेपर्यंत तेओफिला तिला कुशीवर वळवून धरून बसली होती. नुर्का धावत आली.

"काय खाल्लं हिने?"

"मीच दिलं गं. कोंकोन. तेल होतं त्यात..."

"त्यात भात होता, आई."

नुर्का एवढंच बोलली. ती ओरडली असती तर आम्हा दोघांना बरं वाटलं असतं. शाळा पुढे ढकलली गेली.

तेव्हापासून तेओफिला माझ्यात भात शिजवत नाही. नारळाच्या दुधातली मासळी तेवढी करते, तीही तोलून. काल येलिसा तिला म्हणाली, "आजी, तू खा ना भात. मी बघणार नाही."

"मला आता आवडत नाही गं," तेओफिला म्हणाली. मग ती मला घासत बसली. मी तर केव्हाच स्वच्छ झालं होतं.

मित्रांनो, पथ्यावरच्या माणसाला लाडाचा घास देण्याआधी एकदा विचारा. आम्हा भांड्यांना तोंड नाही. तुम्हाला आहे.