कपाटावरचा उलटा स्टूल

मित्रांनो, जरा मान वर करा. डॉक्टरांच्या ड्यूटी रूममधल्या त्या लोखंडी कपाटावर चारही पाय छताकडे करून पडलेला दिसतो ना, तो मी. मी एक जुना लाकडी स्टूल आहे. हसू नका. या वॉर्डात माझ्याइतकं जुनं कुणी नाही, आणि शीर्षासनाची हौस मला कधीच नव्हती.

सुतारकाकांनी माझी बैठक घासून घासून गुळगुळीत केली होती. "दवाखान्यात चाललाय," ते म्हणाले, "बसणाऱ्याला टोचायला नको." मी मोठ्या ऐटीत इथे आलो. तेव्हा इथे एक म्हातारे डॉक्टर होते. ते मला प्रत्येक खाटेशी ओढत नेत, आधी टेकत आणि मगच पेशंटशी बोलत. "काय म्हणतेय तब्येत?" असं विचारून ते उत्तराची वाट बघत. दिवसभर माझ्या पायांना उसंत नसे, पण काय मान होता माझा!

ते निवृत्त झाले. खाटा वाढल्या, खाटांच्या मधे जमिनीवर गाद्या पडल्या, डॉक्टर मात्र होते तेवढेच राहिले. मग नवे मोठे सर आले. माणूस वाईट नव्हता हो, हाताला गुण होता त्यांच्या. पण ते स्वतः उभं राहून शिकलेले. एकदा राउंडच्या वेळी त्यांना एक शिकाऊ डॉक्टर माझ्यावर बसलेला दिसला. त्यांनी त्याला उठवलं आणि मला उचलून कपाटावर उलटं ठेवलं. "बसायची हौस असेल तर दुसरी नोकरी बघ," ते म्हणाले. सगळे हसले. ज्याला उठवलं तोही हसला. तेव्हापासून ती रीतच पडली. नव्या डॉक्टरांना पहिल्या दिवशी माझ्याकडे बोट दाखवून सांगितलं जायचं, की इथे ज्युनिअर बसत नाहीत.

अशाच एका तुकडीत चिमणी आली. हे नाव वॉर्डातल्या मावशींनी ठेवलं. मावशी फरशी पुसायच्या, पेशंटना भरवायच्या आणि सगळ्यांची खबरबात ठेवायच्या. ही डॉक्टर पोरगी डब्यातले दोन घास उभ्या उभ्या टिपायची आणि भुर्रकन पळायची, म्हणून चिमणी.

एका दुपारची गोष्ट. चिमणी आदल्या दिवशी सकाळी कामावर आली होती आणि अजून घरी गेली नव्हती. एकतीस तास झाले होते. आईचा फोन आला. "हो गं आई, आत्ताच जेवले," ती म्हणाली. डबा तसाच बंद होता. मावशींना ते बघवेना. त्यांनी मला खाली काढलं, पदराने पुसलं आणि म्हणाल्या, "बसा बघू डॉक्टर. सर जेवायला गेलेत. कोण बघतंय?"

चिमणी बसली. किती वर्षांनी माझ्यावर कुणी बसलं होतं!

"मावशी, मी सिनिअर झाले ना, की पहिल्या दिवशी हा स्टूल खाली काढणार. परत वर जाऊच देणार नाही. तुमची शप्पथ!"

"माझी कशाला? मला जगायचंय अजून," मावशी म्हणाल्या, आणि दोघी खळखळून हसल्या. मी मात्र ती शप्पथ मनावर घेतली. पुढची सगळी वर्षं मी तिच्यावरच काढली.

हसता हसता तिने मांडीवर रक्ताच्या रिकाम्या नळ्या घेतल्या आणि त्यांच्यावर नावं लिहिली. रक्त आधी घ्यायचं, नाव नंतर लिहायचं, असा नियम आहे. पण तासाभरात वीस जणांचं रक्त घ्यायचं, तर सगळेच ज्युनिअर नावं आधी लिहून ठेवतात. चिमणी उठली आणि सात नंबरच्या काकूंचं रक्त तिने आठ नंबरच्या आजींच्या नळीत भरलं. ते मला उघड्या दारातून दिसलं. मी ओरडणार कसा, मित्रांनो?

रिपोर्ट आला. आजींची साखर भलतीच वाढलेली दिसली. चिमणीनेच इन्सुलिन लिहून दिलं. आजींना साखरेचा त्रास कधी नव्हताच. तासाभरात त्या बेशुद्ध पडल्या आणि तिसऱ्या दिवशी गेल्या. रक्त घेतलं त्याच दुपारी त्या चिमणीला म्हणाल्या होत्या, "मला काय तपासतेस गं? आधी तुझे डोळे बघ आरशात."

चौकशी इथेच, ड्यूटी रूममध्ये झाली. तीन मोठी माणसं खुर्च्यांवर बसली होती. चिमणी उभी होती. ती किती तास जागी होती, हे कुणी विचारलं नाही.

"नावं लिहिताना तुम्ही बसला होतात?"

"हो, पण सर, एकतीस तास..."

"आम्ही अठ्ठेचाळीस काढलेत," मोठे सर म्हणाले. ड्यूटीवर बसून हलगर्जीपणा केला, असं कागदावर लिहिलं गेलं. मावशींची बदली धुलाईखान्यात झाली आणि मी पुन्हा कपाटावर गेलो. ज्याने दोन मिनिटं विसावा दिला, तोच गुन्हेगार ठरला! आजही आठवलं की माझं लाकूड जळतं.

चिमणीने नोकरी सोडली नाही. ती हसेनाशी झाली, एवढंच.

तीन वर्षांनी ती सिनिअर झाली. त्या दिवशी मी सकाळपासून दाराकडे डोळे लावून होतो. दुपारी एका नव्या मुलीने कुणाला न विचारता मला खाली घेतलं आणि ती धपकन बसली. तेवढ्यात चिमणी आली. मला वाटलं, आता माझे दिवस फिरले.

"हा कुणी काढला?"

"मॅडम, मी कालपासून इथेच..."

"माहितेय मला," चिमणी म्हणाली. तिने मुलीच्या खांद्यावर अगदी मायेने हात ठेवला. "ऊठ बाळा. बसलं की चुका होतात."

ती रागावली असती तर मी समजू शकलो असतो. पण तिला ते मनापासून खरं वाटत होतं. तिने मला दोन्ही हातांनी उचललं आणि कपाटावर उलटं ठेवलं.

मित्रांनो, मी आता काही खाली येत नाही. माझ्यासाठी काही मागतही नाही. पण कधी तुम्ही आजारी पडलात आणि कुणी तरुण डॉक्टर तुमचं रक्त घ्यायला आली, तर हात पुढे करण्याआधी तिला विचारा, "डॉक्टर, तुम्ही शेवटच्या कधी बसलात?" ती म्हणेल, "आत्ताच." तिच्यावर विश्वास ठेवू नका.