मधोमध काढलेला बाण

"घसरले गं मी. साबण पडला होता खाली," आई शेजारणीला सांगत होती. प्लास्टरमधला हात तिने मांडीवर असा ठेवला होता, जणू दुसऱ्याची वस्तू सांभाळायला घेतली आहे.

चहाचा ट्रे घेऊन दारात उभ्या असलेल्या तिच्या मुलाचे, मास्तरांचे, कान तापले. साबण कसला नि काय! आईला बसून अंघोळ करता यावी म्हणून न्हाणीघराच्या भिंतीला मास्तरांनी स्वतः बसवलेली फळी तिच्यासकट खाली आली होती.

आणि बसवणारा कोण, तर उभा जन्म शाळेत बल आणि समतोल शिकवलेला माणूस. भार आधारापासून जितका लांब, तितकी त्याची फिरवायची ताकद जास्त, हे पोरांकडून घोकून घेतलेला. सुतार बोलवू या, असं बायको म्हणाली, तर पठ्ठ्याने तिला कागदावर आकृती काढून दाखवली. खालचे स्क्रू भिंतीत दाबले जाणार, वरचे बाहेर ओढले जाणार, आणि आईच्या वजनाचा बाण फळीच्या मधोमध. हिशेब अगदी चोख होता. फक्त आई आयुष्यात कधी मधोमध बसली नव्हती.

बसमध्ये, दवाखान्यात, कुणाच्याही घरी ती कडेलाच टेकायची. आपली अडचण नको कुणाला. हे मास्तर लहानपणापासून बघत आले होते. ती त्यांच्याकडे राहायला आली आणि इथेही तशीच टेकू लागली, ते मात्र त्यांच्या ध्यानात आलं नाही. सगळा भार भिंतीपासून लांब, फळीच्या पुढच्या कडेला आला आणि वरचे स्क्रू भिंत उकरून बाहेर आले.

"मास्तर किती करतात हो तुमचं," शेजारीण म्हणाली.

मास्तरांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. ट्रे खाली ठेवून ते म्हणाले, "ती घसरली नाही. फळी मी लावली होती. चुकीची लावली."

शेजारणीने ट्रेमधला कप उचलला. आई घाईघाईने म्हणाली, की तसं काही नाही, मीच मेली धड बसले नाही. तिने आपल्याला असं सांभाळून घ्यावं, हेच मास्तरांना सोसवेना.

शेजारीण गेल्यावर ते पलंगाशी आले. आई नेहमीसारखी कडेला टेकलेली.

"आई, मागे सरकून नीट बस ना. तुझंच घर आहे."

"हो रे," ती म्हणाली. चांगल्या हाताने तिने पलंग चाचपला आणि आणखी कडेला सरकली. मधली सगळी जागा मास्तरांसाठी मोकळी झाली.

"ये, बस इथे. किती वेळ उभा राहशील?"