तिचं चुकतंय का?

हातमोज्यांच्या त्या कारखान्यात त्याला सगळे मुद्देसूद म्हणत, आणि त्यात निम्मी चेष्टा होती. कागदावर हा माणूस असं काही लिहायचा, की रजा नाकारल्याची नोटीससुद्धा वाचणाऱ्याला आपला सत्कार वाटावा. पण चार माणसांसमोर उभं केलं की याची दातखीळ बसायची. म्हणून मॅनेजरसाहेबांची भाषणं तो लिहायचा आणि साहेब ती ठोकायचे. ही गोष्ट केबिनबाहेर जाता कामा नये, अशी सक्त ताकीद होती. बायकोलाही त्याने "मी नुसतं टाइप करतो" एवढंच सांगितलं होतं.

या वेळचं भाषण अवघड होतं. कारखाना लांब दुसऱ्या शहरात हलवायचा होता, आणि शिलाईखात्याने हात वर करून होकार दिल्याशिवाय तो हलवता येत नव्हता; करारच तसा होता. शिलाईखातं म्हणजे त्याची बायको. तिने मान हलवली की चाळीस जणी मान हलवायच्या. आणि ती होकार देणं शक्यच नव्हतं, कारण तिचे वडील, दादा, त्यांच्याकडेच राहत. दृष्टी गेल्यापासून आठ वर्षांत दादांनी ते घर हातांनी पाठ केलं होतं. भिंतीचा पोपडा बोटांना लागला की डावीकडे न्हाणीघर, लाकडी कठडा लागला की तीन पायऱ्या. रोज एकटे फाटकापर्यंत जात, शेजारच्या न्हाव्याशी भांडत आणि खूश होऊन परत येत. नव्या शहरात कंपनी देणार होती त्या पाचव्या मजल्यावरच्या घरात ते दिवसभर खुर्चीत बसून राहिले असते. मुद्देसूदलाही जायचं नव्हतं. सासऱ्यावर त्याचा फार जीव होता.

"सगळं आहे यात," पहिला खर्डा परत देत साहेब म्हणाले. "प्रश्न आहेत, तेच तेच तीनदा म्हणणं आहे, टाळ्यांच्या जागा आहेत. काळजाला हात घालणारं काही नाही."

खरं तर त्याने तिथेच गप्प बसायचं. पण चांगलं वाक्य सुचलं की या गृहस्थाला राहवत नसे. ऐकणाऱ्याची शंका आपणच आधी बोलून दाखवायची, म्हणजे त्याच्याकडे बोलायला काही उरत नाही, ही त्याची लाडकी युक्ती. आणि शंका तर घरातच तयार होती. रविवारी भाजी चिरता चिरता बायकोचे डोळे भरून आले होते. "नव्या भिंती दादांना काय सांगणार हो?" ती म्हणाली होती, तेव्हा याने नुसता पाण्याचा पेला पुढे केला होता. ते वाक्य त्याने जसंच्या तसं उचललं आणि त्याला उत्तर जोडलं. भाषण कितीही फक्कड झालं तरी ती हलायची नाही, याची त्याला खात्री होती.

शुक्रवारी दुपारी पॅकिंगच्या हॉलमध्ये सगळे जमले. तो मागे दाराशी उभा होता.

"तुमच्यातल्या एखादीच्या घरी भिंत चाचपत चालणारे वडील असतील," साहेब आवाज खाली आणून म्हणाले. "नव्या भिंती त्यांना काय सांगणार, असं तिला वाटत असेल. तिचं चुकतंय का?"

साहेब थांबले. कुठे थांबायचं हेही यानेच लाल शाईने लिहून दिलं होतं.

"नाही. तिचं चुकत नाही. भिंती नव्या असतील, पण हात धरणारी लेक तीच असेल."

तिसऱ्या रांगेत त्याच्या बायकोने पदर डोळ्यांना लावला. मग हात मागितले, तेव्हा पहिला हात तिचाच वर गेला. तिच्यामागून बाकीचे चाळीस. मुद्देसूदला ओरडावंसं वाटलं, पण ओरडायला शब्द लागतात, आणि होते नव्हते ते सगळे साहेब बोलून बसले होते.

घरी आल्या आल्या ती दादांच्या खाटेवर बसली आणि तिने सगळं भाषण सांगितलं, एकही शब्द न चुकवता.

"तुम्हीच साहेबांना दादांचं सांगितलंत ना?" तिने वळून विचारलं.

त्याने कशीबशी मान हलवली.

"बघा, एवढा मोठा माणूस, पण लक्षात ठेवलं. तुम्ही बारा वर्षं माझं ऐकताय, पण असं उत्तर तुम्हाला कधी सुचलं नाही." ती रागावलेली नव्हती. तेच त्याला जास्त लागलं.

दादा पाठीमागची भिंत बोटांनी चाचपत राहिले. मग म्हणाले, "जावईबापू, तुमचं काय म्हणणं? तुम्ही सांगाल तसं करू. तुम्ही उगाच बोलणारे नाही."

आता सांगावं, असं त्याला खरंच वाटलं. पण सांगायचं तर तिचं रडणंच साहेबांना लिहून दिलं, हे आधी सांगावं लागणार होतं. ती समोर बसून त्याच्या तोंडाकडे बघत होती.

"साहेब बोलले ते बरोबर आहे, दादा," तो म्हणाला.

"बघा, यांनासुद्धा पटलं," ती म्हणाली, आणि दादांनी भिंतीवरचा हात काढून मांडीवर ठेवला.