डॉसनच्या दुकानाची काच

छावणीतल्या साहेबांच्या बाजारात सगळ्यात मोठं दुकान डॉसन मेमसाहेबांचं. टोप्या, कोट, चहाची भांडी, खेळणी, सगळं एकाच छताखाली. पण कस्तुराबाईला भूल घातली होती ती दुकानाच्या काचेनं. दर्शनी बाजूला पुरुषभर उंचीची, हात पसरले तरी कवेत न मावणारी, अखंड एकच काच. ती पुसायचं काम कस्तुराबाईकडं. तिचा नवरा त्रिंबक दुकानात पेट्या उचलायचा आणि दोघं मागच्या खोलीत राहायची. घर धनगराचं, गावाकडं शेंद्र्याला मेंढरं होती, ती धाकटा दीर मल्हारराव राखायचा.

पहिल्या दिवशी तिनं काचेला बोट लावलं आणि चटका बसावा तसं मागं घेतलं. डोळ्याला काही दिसत नव्हतं, बोटाला मात्र भिंत लागत होती.

"आवो, हे कशाचं करत्यात?" तिनं त्रिंबकला विचारलं.

"वाळू वितळवून, म्हणं."

पुढं किती तरी दिवस खाम नदीवर धुणं धुताना ती मूठभर वाळू हातावर घेऊन बघत बसायची. या मातीतून तसलं निघतं?

एका नाताळात मेमसाहेबांनी काचेमागं पिंजलेला कापूस अंथरला आणि त्यात लाकडाची इवली घरं मांडली. "हमारे मुल्क में ऐसा आसमान से गिरता," त्या म्हणाल्या. कस्तुराबाईनं वर आभाळाकडं पाहिलं. आभाळातून कापूस पडणारा मुलूख सोडून ही बाई इथं उन्हात कशी राहिली असेल, याचंच तिला नवल वाटलं.

मग पोलीस ॲक्शन झाली. निजामाचं राज्य गेलं. साहेब लोक त्याच्या आधीपासूनच निघाले होते, उरलेसुरलेही गेले. एका सकाळी फडकं घेऊन कस्तुराबाई बाहेर आली तर समोरच्या साहेबी शिंप्याची पाटी गायब. भिंतीवर नुसता फिकट चौकोन. पुढच्या उन्हाळ्यात औषधवाला गेला. त्याच्या खिडकीतल्या लाल-हिरव्या पाण्याच्या फुगीर बाटल्या कुणी नेल्या, कळलंही नाही. मग पावरोटीवाला गेला आणि पहाटेचा तो खरपूस वास गेला. डोंगर हलेल पण हा बाजार हलणार नाही, असं तिला वाटायचं. आणि तो तर धुक्यासारखा विरत होता.

दिवाळीनंतर मेमसाहेबांनी दुकानातल्या माणसांना बोलावलं. इमारत विकली होती. नवा मालक दर्शनी भाग पाडून तिथं लाकडी फळ्यांचे गाळे काढणार होता. "जाने के पहले सब लोग एक-एक चीज ले लो," त्या म्हणाल्या.

कुणी घड्याळ मागितलं, कुणी खुर्ची. त्रिंबकनं कोट घेतला. कस्तुराबाईची पाळी आली.

"मला ती काच पायजे."

सगळे हसले. मेमसाहेबही हसल्या. "काच का क्या करेगी तू?"

"माझी सासू हाय, बानाबाई. मेंढरामागं पळताना बांधावरून पडली, कंबर मोडली. दोन वर्सं झाली, आतल्या अंधारात पडून हाय. दार उघडं ठिवलं तर गारठ्यानं खोकती, लावलं तर दिवस हाय का रात, कळत नाय. येईल त्याला इचारती, भाईर काय चाललंय?"

त्रिंबकनं मोडक्यातोडक्या हिंदीत ते समजावलं. मेमसाहेबांचं हसू थांबलं. त्या उठून काचेपाशी गेल्या, तळवा टेकून उभ्या राहिल्या. "मेरे बाप ने जहाज से मँगाया था," त्या म्हणाल्या. "ले जा. संभाल के."

मल्हारराव बैलगाडी घेऊन आला. येताना त्यानं कातरलेल्या लोकरीची पोती आणली होती. काच चौकटीतून सुटताना करकरली, तेव्हा सगळ्यांनी श्वास रोखला. पण ती सुटली. तिला लोकरीत उभी रोवून, वर घोंगडी बांधून, गाडी शहरातून पायी चालीनं निघाली. चिकलठाण्याला पाण्याला थांबले तर माणसं जमली. घोंगडी जराशी सरकवली तसा एक म्हातारा दचकून मागं झाला. काचेत त्याच्या डोक्यावरचं आभाळ उतरलं होतं आणि त्यातून बगळे चालले होते.

"बाई, आभाळ घिऊन कुठं निघालीस?" तो म्हणाला.

खरी कुरबुर घरी झाली. "वैनी, भिताडाला भगदाड पाडून थंडीला आवतन द्यायचं व्हय?" मल्हारराव म्हणाला. पण सांडू गवंड्यानं पहार घेतली होती. मातीची भिंत ढासळली तसा उजेडाचा लोट आत आला. बानाबाईनं डोळ्यांवर पदर ओढला. सुताराची चौकट बसली, चौघांनी काच उचलली, सांडूनं कडेनं चुना भरला.

"आत्याबाई, आता बघा," कस्तुराबाई म्हणाली.

म्हातारीनं पदर काढला. समोर जोंधळ्याचं रान होतं. वारा सुटला होता. सगळं रान एका अंगाला लवत होतं, उठत होतं. बानाबाईनं खांदे आवळून घेतले, गारठा येणार म्हणून. गारठा आला नाही. तिनं उशाच्या चिमणीकडं पाहिलं. ज्योत सरळ उभी.

"कस्तुरे, वारा दिसतोय," ती हळूच म्हणाली. "दिसतोय, पर लागत न्हाय."

 पायातलं पायताण बाहेर काढून मल्हारराव आत येऊन बसला आणि रोजचं आपलंच रान बघत राहिला.

गाव लोटलं. देवळात यावं तशा बाया यायच्या, बोलायच्या हळू. हिवाळाभर बानाबाई त्या उजेडात पडून होती. लंगडी मेंढी कोणती, गाभण कोणती, हे ती आतून ओरडून सांगायची. काच बसल्यावर तिसऱ्या वर्षी, मेंढरं रानातून परतत असताना, काचेकडं तोंड करूनच ती गेली.

त्यानंतर कस्तुराबाई एकदा छावणीत गेली. डॉसनच्या जागी सायकलीचं, पत्र्याच्या पेट्यांचं आणि भुसाराचं, अशी तीन दुकानं होती. तिनं भुसारवाल्याला विचारलं, "इथं मेमसाहेबांचं दुकान व्हतं ना?"

"कौनसी मेमसाहेब?" तो म्हणाला. तो जालन्याकडून नवाच आला होता.

ती रस्त्याच्या मधोमध उभी राहिली. कोपऱ्यावरचा कडुनिंब तेवढा ओळखीचा. जहाजातून आलेला, तिच्या डोळ्यांत न मावणारा तो सगळा बाजार. आणि तो उठून गेला तरी या मातीवर साधा ओरखडाही नव्हता. केवढी ही धरती, तिच्या मनात आलं, केवढं पोटात घेते. मागून टांगेवाला ओरडला, तशी ती बाजूला झाली. भुसारवाल्याकडून तिनं घरासाठी गूळ घेतला आणि शेंद्र्याच्या वाटेला लागली.